आपण सहा जण

छोटीने भाड्याने घ्यायच्या मोटारहोममधल्या खालच्या पलंगावर अंग टाकलं, हात पोटावर घेतले आणि डोळे मिटले. गाडीवाला दारात चाव्या खुळखुळवत उभा. त्याने आजवर तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. कुणी टायरला लाथ मारून बघायचं, कुणी गॅस पेटवून बघायचं. पण चपला काढून सरळ आडवं होणारं गिऱ्हाईक त्याच्याही नशिबी पहिलंच.

“बाई, बरं वाटत नाही का?”

“मला काय धाड भरलीय? इथे माझी आई झोपणार आहे. कमरेत काहीतरी टोचतंय. काय आहे ते?”

टोचत होती ती जोडावरची पट्टी. दिवसा तिथे टेबल आणि समोरासमोर दोन बाकडी. रात्री टेबल खाली दाबायचं, त्यावर गाद्या सरकवायच्या, की झाला पलंग. त्या दोन गाद्यांच्या फटीतून पट्टी वर येत होती. गाडीवाला म्हणाला, एवढ्याने कुणाचं अडत नाही. छोटी म्हणाली, तुमचं नसेल अडत, माझ्या आईची कंबर ऐंशी वर्षं वापरलेली आहे. शेवटी वरून टाकायला एक जाड गादी द्यायचं त्याने कबूल केलं. तेवढ्यावर सुटका होईल असं वाटलं त्याला, पण कसलं काय! छोटीने दाराची पायरी स्वतःच्या गुडघ्याला लावून बघितली आणि खाली ठेवायला एक बुटकं स्टूल मागितलं. मग संडासाची कडी. आतून लागली आणि म्हातारं माणूस अडकलं, तर बाहेरून उघडते का? गाडीवाल्याने ती उघडून दाखवली. छोटीने आत जाऊन कडी लावली आणि त्याला पुन्हा उघडायला लावली.

हा सगळा खटाटोप दादा येणार म्हणून.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तरुणपणी परदेशात गेला, तिथेच बस्तान बसवलं, लग्न केलं, दोन मुलं झाली. इथे राहिल्या आई आणि छोटी. छोटीचं वय बावन्न, केस निम्मे पांढरे, पण शेंडेफळ म्हणून लागलेलं नाव काही सुटलं नाही. घरात छोटी, जिन्यात छोटी, आणि ती काम करते त्या दातांच्या लॅबमध्ये मालकही तिला छोटीबाईच म्हणतात. कवळ्या करते ती. डॉक्टरांकडून तोंडाचे साचे येतात, त्यावरून ही गुलाबी मेणात एकेक दात बसवते, मग त्याची पक्की कवळी होते. या शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू छोटीच्या हातचं आहे. त्यांना ते ठाऊकही नाही म्हणा.

तर दादाचा निरोप आला तेव्हा ती लॅबमध्येच होती. बोटांना मेण लागलेलं, म्हणून कोपराने फोन चालू केला. दादा नेहमी लिहायचा कंटाळा करतो. बोलूनच पाठवतो.

“छोटे, ऐक ना. यंदा आम्ही येतोय, नक्की. आपण सहा जण आहोत. सहा जणांना नीट झोपता येईल अशी मोटारहोम बघून ठेव. तळ्याकाठी कुठेतरी राहू चार-पाच दिवस, डोंगरबिंगर दिसले पाहिजेत, मुलांना दाखवायचंय. इथून नुसते फोटो बघून काही कळत नाही गं. तुझ्यावर सोडलंय सगळं.”

छोटीने मेणाच्या बोटांवरच मोजलं. दादा, वहिनी, भाचा, भाची. चार. आई पाच. आणि सहावी मी. नेमके सहा. हातातला साचा तिने खाली ठेवला, कारण मन थाऱ्यावर नव्हतं आणि असं लक्ष उडालं की दात वाकडा बसतो.

संध्याकाळी आईने तो निरोप चार वेळा लावायला लावला. आईला कमी ऐकू येतं असं नाही. ऐकायचंच होतं तिला.

“‘आपण सहा जण’ म्हणाला बघ,” आई म्हणाली. “मला धरून मोजलं त्याने.”

“मग, सोडून कसं मोजेल?”

“तसं नाही गं. माझं वय झालं, गुडघे गेले. कुणी म्हटलं असतं, हिला कशाला, तर त्यात वावगं काही नव्हतं. पण त्याने मोजलं.”

आता आईच्या मनात काय होतं ते सांगायलाच हवं, नाहीतर छोटीने एवढा आटापिटा का केला ते कळायचं नाही. दादा मागे दोनदा येऊन गेला होता. एकदा बाबा गेले तेव्हा आणि एकदा त्यानंतर. दोन्ही वेळा हॉटेलात उतरला. कारणं सगळी खरी होती. घर दोन खोल्यांचं, बाथरूम एक, आतल्या खोलीच्या भिंतीला ओल, त्या ओलीने मुलांना शिंका. वहिनीला पाठीचा त्रास, तिला खाली झोपता येत नाही. सगळं खरं. पण दिवसभर बसलेला मुलगा संध्याकाळ झाली की घड्याळ बघायचा आणि पाहुण्यासारखा उठायचा, ते आईच्या काळजाला घरं पाडून जायचं. त्याला ती चकार शब्द बोलली नाही. छोटीशी मात्र एकदा बोलली होती, भाजी निवडता निवडता.

“तो घोरतो अजून?”

“मला काय माहीत? वहिनीला विचार.”

“तुझे बाबा घोरायचे तसंच घोरायचा. तेव्हा मी वैतागायचे. आता वाटतं, एक रात्र झोपावं त्याचं घोरणं ऐकत. मरायच्या आधी एकदा. बास, दुसरं काही नको.”

“मरायची भाषा कशाला? घोरणंच ऐकायचं ना? ऐकवते.”

असं छोटी तेव्हा बोलून गेली होती. आणि आता ही मोटारहोम. एकच छप्पर आणि मधे फक्त पडदा. ओल नाही, हॉटेल नाही, संध्याकाळी उठून जायला जागाच नाही! छोटीने झोपायची मांडणी करून टाकली. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या बिछान्यात दोन्ही मुलं. मागच्या पलंगावर दादा आणि वहिनी. टेबलाच्या पलंगावर आई, उशी मागच्या बाजूला, म्हणजे पडद्यापलीकडे दादाचं डोकं येईल. आणि आईच्या शेजारी भिंतीकडे स्वतः.

मग तिने जिवाचं रान केलं. रविवारी बस पकडून तळ्यावर जाऊन आली. तिथल्या माणसाशी हुज्जत घालून बाथरूमजवळची, उतार नसलेली जागा राखून घेतली. पहाटे समोरच्या डोंगरावर ऊन पडलं की ते पलंगावरून दिसेल अशी गाडी कुठल्या तोंडाने लावायची, ते उभं राहून बघितलं. जाताना दर तासा-दीड तासाने स्वच्छ संडास असलेलं ठिकाण हेरून ठेवलं. परत येताना गाडी गाडीवाल्याच्या विमानतळाजवळच्या आवारात सोडायची, म्हणजे आईला तिथूनच मुलाला निरोप देता येईल, पुन्हा वेगळी धावपळ नको. सगळं टाइप करून तिने दादाला पाठवलं. कोण कुठे झोपणार तेसुद्धा.

उत्तरादाखल दादाने अंगठा पाठवला.

अंगठा दिसला की माणसाला वाटतं, वाचलं असेल. छोटीला तसंच वाटलं.

आईची जुनी कवळी सैल झाली होती. बोलताना टकटक वाजायची, म्हणून आई ती लावायचीच नाही, घरात बोळक्याने वावरायची. छोटीने मालकांना विचारून, जेवणाच्या सुट्टीत बसून तिच्यासाठी नवी कवळी केली. दात फार पांढरे नाही घेतले. समोरचे दोन किंचित एकमेकांवर चढलेले ठेवले, आईचे खरे दात होते तसे. आईने लावून आरशात बघितलं आणि हसली, आणि छोटीला लहानपणची आई दिसली. पण दोन मिनिटांत आईने कवळी काढली, वाटीतल्या पाण्यात ठेवली आणि वर बशी झाकली.

“ट्रिपला लावीन.”

“अगं, लाव आत्तापासून. सवय व्हायला हवी.”

“उगाच झिजवायची कशाला?”

नवं काही मिळालं की ठेवून द्यायचं, ही आईची जन्माची खोड. दात झिजायला जन्म जातो, हे तिला सांगून उपयोग नव्हता.

दादा आला. हॉटेलात उतरला. यावेळी त्याचं छोटीला काहीच वाटलं नाही. राहू देत हॉटेलात, पुढच्या आठवड्यात आहेतच सगळे एका छपराखाली. त्याच्याबरोबर वहिनीचा भाऊ आणि भावजय, म्हणजे मुलांचे मामा-मामी, तेही आले होते. तिकडे एकाच शहरात राहतात, सुट्ट्यांचं जमलं, म्हणून आले. मामा बडबड्या, काळा चष्मा डोक्यावर सरकवून फिरणारा, तसा मनाने बरा. मामी अबोल. त्यांचं इथे कुणीतरी नात्यातलं असेल, छोटीने धरून टाकलं. आपण तळ्यावर गेलो की ते तिकडे जातील. विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. दादा मात्र आईच्या शेजारी पलंगावर बसून तिचा हात हातात घेऊन बसायचा, तिला तिकडच्या गमती सांगायचा, आणि आई अशी फुलून यायची की छोटीने मनातल्या मनात त्याला सगळं माफ करून टाकलं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे घरी जमले. शेजारून दोन खुर्च्या आणल्या तरी भाचा उंबऱ्यावरच बसला. छोटीने चहा केला आणि ट्रिपचा सगळा बेत लिहिलेला आपला कागद मधे ठेवला. मामाने तो उचलला.

“वा वा, काय झकास काम केलंय! पण हे काय? दर तासाला थांबा? बैलगाडीने चाललोय का आपण?”

“आईला लागतं ना मधे मधे,” छोटी म्हणाली.

“कुणाला?”

“आईला.”

मामाने चष्मा डोक्यावरून काढून हातात घेतला. वहिनीने दादाकडे बघितलं.

“अरे, तू बोलला नाहीस का छोटीशी?”

“काय बोलायचं?” दादा म्हणाला. “सहा जणांची गाडी बघ म्हटलं होतं. तिने बघितली.”

“सहाच आहोत की,” छोटी म्हणाली. “तू, वहिनी, ही दोघं, आई आणि मी.”

मामीने हातातला कप हळूच खाली ठेवला. बिचारीला कळलं होतं की सहातले दोन कोण.

छोटी गप्प बसणाऱ्यातली नव्हे. तिने फोन काढला आणि तो निरोप सगळ्यांसमोर लावला. दादाचा आवाज भिंतींवर आपटला. *आपण सहा जण आहोत.*

“ऐकलंस?” छोटी म्हणाली. “आपण. हा तुझाच आवाज आहे ना?”

भाची फिसकन हसली. बारा-तेरा वर्षांची, तिच्या मनात काही नव्हतं. “बाबा नेहमी असंच बोलतो, आत्या. मी पण. आम्हाला ते दोन वेगवेगळे जमत नाहीत.”

“अगं, खरंच,” वहिनी घाईघाईने म्हणाली. “तिकडच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द. मुलांशी बोलून बोलून याचं आम्ही आणि आपण एक होऊन गेलंय. परवा शेजाऱ्याला सांगत होता, आपण घर विकतोय. तो बिचारा घाबरला. तू मनाला लावून घेऊ नकोस हं.”

सगळे थोडे हसले. आईसुद्धा हसली, बोळक्याने.

पंचवीस-तीस वर्षांत माणूस काय काय विसरतो! गल्ल्या विसरतो, माणसांची नावं विसरतो, त्याचं काही नाही. पण आपण म्हणजे कोण, हे विसरला हा. आईच्या दुधाबरोबर आलेला शब्द, आणि त्यातून आईच गळून पडली. छोटीच्या मनात हे असं जळजळत होतं आणि समोर चहा निवत होता.

“मला वाटलं, आईला झेपणारच नाही,” दादा म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता, खोटं कशाला बोला. “तसंच धरून चाललो होतो मी.”

“कुणाला विचारून?”

“अजून दोघं नाही का मावणार?” मामा म्हणाला. “दाटीवाटीने?”

“नाही. सीटचे पट्टे सहा, झोपायच्या जागा सहा. त्याच्यावर माणूस घेतला तर गाडीवाला गाडीच देणार नाही.” हे छोटीनेच गाडीवाल्याला खोदून खोदून विचारलेलं होतं. “आणि दुसरी गाडी मिळायची नाही. शेवटची होती ती मी घेतली.”

“मग आम्ही राहतो मागे,” मामी म्हणाली. तिने मनापासून म्हटलं असेलही. मामा लगेच पुढे म्हणाला, “हवं तर.”

झालं. त्या ‘हवं तर’वर सगळे अडकले. दादाने वहिनीकडे बघितलं, वहिनीने भावाकडे, भावाने चष्म्याच्या काचेकडे. एवढ्या लांबून आणलेल्या मेहुण्याला घरी बसा म्हणायचं दादाच्या जिवावर आलं होतं, आणि आईला चल म्हणायचंही. तो नुसता हात चोळत बसला.

मग आईनेच तोंड उघडलं.

“छे रे, मला कुठे झेपतंय? ही पोरगीच मागे लागली होती. त्या तसल्या गाडीत चढायचं-उतरायचं म्हणजे… नको रे बाबा. मी घरीच बरी. तुम्ही जा, मजा करा.”

आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. अगदी ऐकू येईल असा. वहिनी म्हणाली, आई किती समजूतदार आहेत. दादा म्हणाला, पुढच्या वेळी नक्की, आई, शब्द देतो. मामाने चष्मा पुन्हा डोक्यावर चढवला आणि कागद वाचायला घेतला. छोटीला त्या सगळ्यांपेक्षा आईचाच राग आला. कशाला पडतं घेतेस गं बाई दर वेळी? यांना खरं तरी वाटू देऊ नकोस! पण ते त्यांना खरंच वाटलं होतं. सोयीचं होतं ना.

“आणि ही जाड गादी सांगितलीस ते फार बरं केलंस,” वहिनी कागदावर बोट ठेवत म्हणाली. “माझ्या पाठीला होईल.”

छोटीने कप गोळा केले आणि आत नेऊन नळाखाली धरले. आतल्या खोलीत आईची बॅग भरून ठेवलेली होती. तिच्याकडे बघायचं तिने टाळलं.

संध्याकाळी सगळे उठले तेव्हा छोटी दादाच्या मागोमाग जिना उतरली आणि खालच्या वळणावर तिने त्याची बाही धरली.

“दादा, तिला तळंबिळं काही नको होतं. तिला तुझं घोरणं ऐकत झोपायचं होतं. एक रात्र.”

दादा हसला. “घोरणं? मग रेकॉर्ड करून पाठवतो की!” मग छोटीचा चेहरा बघून त्याचं हसू ओसरलं. “खरंच असं म्हणाली ती?”

“आज रात्री इथे झोप. मी शेजारच्या काकूंकडे जाते. बाहेरचा पलंग तुला, ती आतल्या खोलीत, मधलं दार उघडं. बास.”

“आज?” दादाने खाली गाडीपाशी उभ्या असलेल्या वहिनीकडे बघितलं. “आज कसं जमेल गं? बॅगा भरायच्यात, सकाळी लवकर गाडी ताब्यात घ्यायचीय. परत आल्यावर एक रात्र नक्की.”

“परत आल्यावर कुठे? तळ्यावरून तुम्ही परस्पर विमानतळावर जाणार.”

“असं कुठे ठरलंय?”

“कागदावर आहे. मीच ठरवलंय.”

छोटीला वाटलं, आता हा म्हणेल, जाऊ दे बॅगा, थांबतो. तिने त्याची बाही सोडली नव्हती. दादाने हळूच तिच्या हातावर थोपटलं.

“सकाळी निघण्याआधी वर येतो. आईच्या हातचा चहा प्यायला. हं?”

सकाळी मोटारहोम दारात आली आणि अख्खी गल्ली खिडक्यांत आली. पांढरीशुभ्र, लांबलचक, मागे सायकली लटकावलेली. भाची वरच्या खिडकीतून हात हलवत होती. छोटीने गॅलरीतून बघितलं. ते बुटकं स्टूलही दाराशी ठेवलेलं होतं. गाडीवाला शब्दाचा पक्का. त्या स्टुलावरून मामा ऐटीत चढत-उतरत होता.

दादा वर आला. आईने चहा केला, स्वतः, छोटीला गॅसपाशी येऊ दिलं नाही. दादाने तो उभ्या उभ्याच घेतला. आई पलंगावर बसून त्याच्याकडे बघत होती. जुनीच साडी, तोंडाचं बोळकं, मांडीवर हात. खाली हॉर्न वाजला. दादाने कप ठेवला, तोंड पुसलं आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला,

“आई, आपण निघतोय हं आता.”

आईने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. मग पलंगाचा कठडा धरून उठली आणि आतल्या खोलीत गेली. छोटीला वाटलं, डोळे पुसायला गेली असेल. दादालाही तसंच वाटलं असणार, कारण तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. छोटी तिथेच आहे हे विसरल्यासारखा.

आई बाहेर आली ती बॅग घेऊन. अंगावर शाल, केसांवरून ओला हात फिरवलेला. आणि हसत होती. तोंडभर, नव्या दातांनी, समोरचे दोन किंचित एकमेकांवर चढलेले.

“चला,” ती म्हणाली. नव्या कवळीने शब्द कसा स्पष्ट, खणखणीत आला.

दादाने तिच्या बॅगेकडे बघितलं. “अरे वा, आई,” तो म्हणाला. “काय छान दिसतायत गं दात.”

“छोटीने केलेत. ट्रिपसाठी ठेवले होते.” आई एका हाताने दाराची चौकट धरून पायाने चपला शोधत होती. “मला वाटलंच होतं, रात्रीतून काहीतरी ठरवशील तू. बॅग काही मी सोडली नव्हती. छोटे, तूही आवर गं, असं काय बघत उभी राहिलीस?”

खाली पुन्हा हॉर्न वाजला. दादाने छोटीकडे बघितलं. लहानपणी काच फोडली की असंच बघायचा, तू सांग म्हणून. तेव्हा छोटी सांगायची. खोटंसुद्धा सांगायची त्याच्यासाठी. आज ती जागची हलली नाही.

“आम्ही म्हण, दादा.”

“काय?”

“आम्ही. आम्ही निघतोय, असं म्हण तिला. येतं का बघ.”

“छोटे, प्लीज…”

“तिच्याकडे बघून म्हण.”

दादाचे डोळे भरून आले. आले तर आले, छोटीला त्याचं काही वाटलं नाही. तो आईकडे वळला.

“आई,” तो म्हणाला, “आम्ही… आम्ही निघतो.”

आईचा एक पाय चपलेत होता आणि एक बाहेर. ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग भराभर मान हलवायला लागली.

“हो, हो. तेच की. कालच तर ठरलं. मी आपली उगाच… जा तुम्ही, जा, पोरं खोळंबलीयत. सावकाश चालवा रे.”

दादा जिना उतरून गेला. खाली दार लागल्याचा आवाज आला, मग इंजिनाचा, मग भाचीचा, “बाय आजी! बाय आत्या!” गल्लीच्या टोकापर्यंत तो आवाज ऐकू येत होता. आई दारातच उभी होती, बॅग हातात, ओठ घट्ट मिटून. नवे दात आत होते म्हणून ते मिटलेले ओठही भरलेले दिसत होते.

छोटीने तिच्या हातातली बॅग घेतली.

“मग हे काढून ठेवते,” आई म्हणाली.

छोटीने आतून पाण्याची वाटी आणली आणि तिच्यापुढे धरली.